मागीलप्रमाणे

सर रक्तपेढीत आले की आधी माणसांकडं बघत नसत. मधलं बोट वाकवून कॉम्प्युटरच्या डब्यावर दोनदा टकटक करायचे, जरा थांबायचे, आणि मग मान वर करून म्हणायचे, "जयभीम मॅडम, काय करून राहिले?" मी नवीन होते तेव्हा एकदा विचारलं होतं की आतून कुणी उत्तर देतं का. ते गंभीरपणे म्हणाले की अजून दिलेलं नाही, पण ज्या दिवशी देईल त्या दिवशी आपण जागेवर असायला पाहिजे. अशा माणसाची थट्टा करण्यात मजा राहत नाही, तरी आम्ही करायचो.

लातूरमधलं ट्रस्टचं हॉस्पिटल ते. नाव सांगत नाही, कारण पगार मी अजून तिथलाच घेते. मी मुरुडहून रोज एसटीनं यायची आणि रक्तपेढीत टेक्निशियन होते. सर कंत्राटावरचे सिस्टिम ऑफिसर, मूळचे नांदेडचे. वय पन्नाशीकडं झुकलेलं, भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात छोटी बॅटरी आणि काखेत एक जाड रजिस्टर. त्या रजिस्टरवर वळणदार अक्षरात एकच शब्द लिहिलेला होता, 'भोकं'. त्यामुळं त्यांच्या माघारी सगळे त्यांना भोकवाले सर म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे.

त्यांचे वडील रेल्वेत चावीवाले होते. रोज सकाळी हातोडा खांद्यावर टाकून ठरलेला पल्ला रुळावरून चालत जायचं आणि रुळाची सैल झालेली चावी दिसली की ठोकून बसवायची, हे त्यांचं काम. सर लहानपणी सुटीत त्यांच्यामागं चालायचे. "बाप रोज तीच चावी ठोकायचा," ते सांगत. "त्याला माहीत होतं, उद्या ती पुन्हा सैल होणार. तरी ठोकायचा. गाडीला काय ठाऊक, आज चावीवाला रजेवर हाय म्हणून?"

तसेच सर रोज सकाळी सगळं हॉस्पिटल पायी फिरायचे. अपघात विभागापासून औषधाच्या काउंटरपर्यंत प्रत्येक डब्यावर टकटक, मग बॅटरी मारून मागच्या तारा बघणं. त्यांचं म्हणणं असं की चोर कधी नवीन भोक पाडत बसत नाही, त्याला तेवढी गरजच पडत नाही. घरच्या लोकांना बारा वर्षांपासून माहीत असलेलं भोकच तो वापरतो. एकदा काउंटरच्या भिंतीवर पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली त्यांना दिसली. अध्यक्षसाहेबांच्या आईचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन. सरांनी ती काढली. दुसऱ्या दिवशी तिथंच नवी चिठ्ठी होती, तीही लॅमिनेशन केलेली.

प्रत्येक भोकाला रजिस्टरमध्ये एक ओळ. भोक कुठं आहे, कुणाला सांगितलं, त्यांनी काय उत्तर दिलं, त्यातून काही शिरलं तर कसं शिरलं, आणि सगळ्यात शेवटी बुजवल्याची तारीख आणि सही. त्या शेवटच्या रकान्यात फारसं काही नसायचं. दर महिन्याच्या एक तारखेला सर त्याच भोकांचा अर्ज आवक-जावकच्या खिडकीवर द्यायचे आणि हात पुढं करून म्हणायचे, "पोच द्या." सुरुवातीला वरून 'बघू', 'पुढच्या मीटिंगला ठेवा', 'आजवर काही झालंय का?' असली उत्तरं यायची. पुढं लिहिणाराही कंटाळला असावा. मग अर्जाच्या कोपऱ्यात एकच शेरा यायला लागला, 'मागीलप्रमाणे'. शिव्या दिल्या तर सर हसायचे, पण हा शब्द दिसला की त्यांचा चेहरा कडू व्हायचा.

भोक क्रमांक एक आमच्याच खोलीत होतं. रक्तदाते, पिशव्या, पेशंट, सगळं ज्या सॉफ्टवेअरमध्ये होतं ते फक्त आमच्या जुन्या मशीनवरच चालायचं, आणि त्या मशीनच्या विंडोजला नव्या सुधारणा येणं कधीच बंद झालं होतं. सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस सांगायचा, याला हात लावू नका, बंद पडलं तर आम्ही जबाबदार नाही. सरांचं म्हणणं साधं होतं. सुधारता येत नाही ना, मग त्याची नेटवर्कची तार काढा. बाकी हॉस्पिटलशी त्याचा संबंध नको, बसू दे एकटं. पण तार काढता येत नव्हती. अध्यक्षसाहेबांच्या केबिनमध्ये भिंतीवर मोठा टीव्ही होता आणि आजवर किती पिशव्या रक्त गोळा झालं तो आकडा त्यावर दिवसभर चालू असायचा. पाहुणे आले की साहेब तिकडं हात करत. तार काढली असती तर आकडा थांबला असता.

तार निघेना म्हणून सरांनी लाख आणली. परीक्षेच्या पेपरच्या पाकिटावर लावतात ती लाल लाख. मेणबत्तीवर वितळवून त्यांनी आमच्या मशीनची पेनड्राइव्ह लावायची दोन्ही भोकं भरून टाकली आणि मोहर म्हणून वर शर्टाचं बटण दाबलं. मशीनची मागची बाजू जाळीच्या पेटीत घालून कुलूप लावलं. मला सांगून गेले, "काही झालं तरी ही फोडायची न्हाई." मी म्हटलं, सर, हे मशीन हाय का तिजोरी? तेव्हा सगळे हसले, सरसुद्धा.

पण खरी कटकट होती ती कॉम्प्युटरच्या उपासाची. सर दर पौर्णिमेला उपोसथ पाळायचे. पांढरे कपडे, बाराच्या आत जेवण, नंतर काही खायचं नाही. आपल्याबरोबर मशीनलाही उपास घडावा असं त्यांच्या मनात आलं. वरिष्ठांना त्यांनी सांगितलं की तपासणीला येणाऱ्या पथकाला असली तालीम लागते, आणि परवानगी काढली. दर पौर्णिमेला अकरा ते एक सगळं कागदावर. तीनच उपास झाले आणि वॉर्डातल्या सिस्टर त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी आणायला लागल्या. मला मात्र तो उपास अजिबात सोसायचा नाही. टाइप करायची सवय झालेला हात दोन तास पेन धरून आखडायचा आणि एक वाजता तेच सगळं पुन्हा मशीनमध्ये चढवायचं.

अशाच एका पौर्णिमेला औशाची पोरगी आली. नऊ वर्षांची होती. थॅलेसिमिया असलेली, दर तीन आठवड्यांनी रक्त लागायचं. आई अंगणवाडीत मदतनीस होती, सकाळच्या बसनं पोरीला घेऊन यायची. पोरगी मोठी बोलघेवडी. पिशवी लावायला घेतली की दर वेळी विचारायची, "आज कुणाचं हाय?" मी काहीतरी ठोकून द्यायची, आज एका पैलवानाचं, आज कंडक्टरचं. मग ती त्या माणसासारखी वागायची. कंडक्टरचं रक्त म्हटलं की दिवसभर तिकिटं फाडत बसायची.

तिच्या रक्ताची एक खोड होती. मागं कधीतरी एका जातीचं रक्त तिच्या अंगाला चाललं नव्हतं आणि त्याच्याविरुद्ध तिच्या शरीरानं अँटीबॉडी तयार करून ठेवली होती. आमच्याकडच्या तीन पोरांना अशा वेगवेगळ्या खोडी होत्या. कुणाला कुठली ते मशीनमध्ये होतं, त्यामुळं डोक्यात ठेवायची गरज मला कधी वाटली नाही. त्या दिवशी तिची पिशवी आदल्या दिवशीच तपासून ठेवलेली होती. मी कागदावर भराभर नाव, गट, पिशवीचा नंबर लिहिला आणि अँटीबॉडीच्या रकान्यात लिहून टाकलं, 'मागीलप्रमाणे'.

सर मागं उभे होते. त्यांनी कागद उचलला.

"मागील कुठंय, मॅडम?"

मी मशीनकडं बोट केलं.

"ते तर उपाशी हाय. आज ते मेलंय असं धरून आपण लिहून राहिलो."

माझं टाळकं सटकलं. सगळ्यांसमोर मी त्यांना सुनावलं की तुम्हाला रक्तातलं काय कळतं, पिशवी तपासलेली आहे, तुमच्या खेळापायी पेशंट ताटकळतात. त्यांनी वाद घातला नाही. एक वाजला तसं मशीन सुरू केलं, त्या पोरीचं पान उघडून डॉक्टरांना दाखवलं आणि तिच्या आईजवळ असलेल्या पेशंटच्या पिवळ्या कार्डाच्या मागं स्वतः काहीतरी लिहून त्यावर डॉक्टरांची सही घेतली. आईला बजावलं, हे जपा. मी तिकडं पाठ करून बसले होते. मला वाटलं, उंटावरचा शहाणा.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी अध्यक्षसाहेबांचा वाढदिवस आला. आमच्याकडं वाढदिवस म्हणजे रक्तदान शिबिर, आणि शिबिर म्हणजे फ्लेक्स. सर त्या दिवशी आईला भेटायला नांदेडला गेले होते. मांडवात साठ-सत्तर दाते रक्त देऊन बसलेले, साहेब वीस मिनिटांत पोचणार, आणि त्यांच्या हस्ते वाटायची प्रमाणपत्रंच छापलेली नाहीत. साहेबांचा फोटो घातलेला नमुना फ्लेक्सच्या दुकानातून पेनड्राइव्हमध्ये आला. दात्यांची नावं माझ्या मशीनमध्ये होती आणि रंगीत प्रिंटरही त्यालाच जोडलेला. साहेबांच्या पीएचे तीन फोन झाले. तिसऱ्यात त्यांनी विचारलं की मॅडम, तुमची नोकरी कायम झाली का हो अजून?

मी चिमट्यानं लाख उकरली. पेनड्राइव्ह लावला, प्रमाणपत्रं काढली, साहेबांनी ती वाटली, फोटो झाले. संध्याकाळी मात्र ते उघडं भोक बुजवायला बसले. लाखेचे तुकडे पुन्हा बसेनात. तेव्हा पर्समधली लाल नेलपॉलिश ओतून ते चिकटवले आणि ॲप्रनचं एक सुटलेलं बटण वर दाबलं. लांबून कुणाला कळलं नसतं. दुसऱ्या दिवशी सर आले, टकटक केली, जरा जास्तच थांबले आणि पुढच्या डब्याकडं गेले.

आठ दिवस काही झालं नाही, आणि मी विसरूनही गेले. नवव्या दिवशी सकाळी मशीन लावलं तर पडदा लालभडक, वर इंग्रजीत लिहिलेलं की तुमच्या सगळ्या फायली आम्ही कुलूपबंद केल्या आहेत, किल्ली हवी असेल तर पैसे भरा. मला वाटलं माझंच बिघडलं. तेवढ्यात औषधाच्या काउंटरवरून ओरडा झाला, मग एक्स-रेमधून, मग अपघात विभागातून. पेनड्राइव्हबरोबर भोक क्रमांक एकातून शिरलेला व्हायरस त्या तारेवरून आठ दिवसांत घरभर फिरला होता. जास्तीची नक्कल ठेवायचा डबासुद्धा त्याच तारेला जोडलेला, तोही बंद. सर जिन्यावरून पळत आले. त्यांना पळताना मी पहिल्यांदाच बघितलं. ते एकेका खोलीत जाऊन तारा उपटत सुटले होते.

आणि त्याच सकाळी दहा वाजता औशाची पोरगी आली. आईच्या खांद्यावर मान टाकलेली, ओठ पांढरे. मधे ताप आल्यानं तारीख चुकली होती. हिमोग्लोबिन चारच्या खाली होतं. तिनं मला बघितलं, पण कुणाचं हाय ते विचारलं नाही. धाप लागलेली होती.

मी कपाट उघडून पौर्णिमांचे कागद काढले. उपासाच्या दोन तासांचा का होईना, कागद आहे म्हणून मला आधी केवढा धीर आला. तिचा कागद सापडला. माझं अक्षर, खाली माझी सही, आणि अँटीबॉडीच्या रकान्यात 'मागीलप्रमाणे'.

नळीत तपासणी लावली. ती स्वच्छ आली, कुठलीच अँटीबॉडी दिसली नाही. फ्रिजमधल्या एका पिशवीशी जुळवून बघितलं, तेही जुळलं. ड्युटीवरचे डॉक्टर वर-खाली धावून घामाघूम झाले होते. ते म्हणाले, स्वच्छ आहे, पिशवी जुळते, लावून टाका, पोरगी खचत चाललीय. मी पिशवी हातात घेतली. दारात सर उभे होते, दोन्ही हातांत उपटलेल्या तारा.

"दिसत न्हाई म्हणजे न्हाईच, असं असतंय का मॅडम?"

डॉक्टर त्यांच्यावर खेकसले. पण मला शिकवलेलं मला आठवलं. काही अँटीबॉडी अशा असतात की दिवस गेले की तपासणीत दिसेनाशा होतात, पण शरीर विसरत नाही. तेच रक्त पुन्हा गेलं की उसळून उठतात आणि चढवलेलं रक्त अंगातच फुटायला लागतं. एवढ्या खचलेल्या पोरीला ते झेपलं नसतं. तिचं नाव त्या तिघांत होतं, एवढंच मला नक्की आठवत होतं. मी म्हटलं, "सर बरोबर बोलायलेत. जुनं कळल्याशिवाय मी ही देणार नाही."

"आणि तोवर हिला काही झालं तर?" डॉक्टरांनी विचारलं.

सरांनी आईला विचारलं, पिवळं कार्ड कुठं आहे. ती माउली घाबरून गेलेली. नवं कार्ड मिळाल्यावर जुनं तिनं औशाला घरी पत्र्याच्या पेटीत ठेवलं होतं. पेटीला कुलूप, किल्ली तिच्या कमरेला. तिनं शेजारणीला फोन लावला. शेजारीण शेतात निघालेली, वाटेतून परत फिरली. सर आईच्या हातातून फोन घेऊन शांतपणे सांगत होते, ताई, कुलूप फोडा, दगड घ्या, भरून देतो मी. फोनमधून दगडाचे घाव ऐकू येत होते. मी पोरीचा ऑक्सिजनचा मास्क धरून उभी होते आणि आयुष्यात कधी मागितलं नाही इतकं देवाजवळ मागत होते. एकीकडं डोक्यात ती नेलपॉलिशची बाटली घुमत होती.

अर्ध्या तासानं आईच्या मोबाइलवर फोटो आला. पिवळ्या कार्डाची मागची बाजू, सरांचं वळणदार अक्षर. 'मागील म्हणजे', आणि पुढं अँटीबॉडीचं नाव, मोठ्या इंग्रजी अक्षरांत, खाली डॉक्टरांची सही.

त्या नावाचं औषध घालून मी फ्रिजमधल्या पिशव्या एकेक करून तपासल्या. मघाशी हातात घेतली होती ती पहिली घेतली. तिच्यात नेमकं तेच होतं जे पोरीला चालत नव्हतं. डॉक्टर खुर्चीत बसले. दुसरीत होतं, तिसरीत, चौथीत, पाचवीत होतं. सहावी चालली. पिशवी लावली तेव्हा दीड वाजला होता. चार वाजता पोरीनं डोळे उघडले, मास्क बाजूला केला आणि विचारलं, "कुणाचं हाय?" मला काही सुचेना. मी म्हटलं, भोकवाल्या सरांचं. ती हसली आणि पलंगाच्या दांडीवर बोटानं दोनदा टकटक केली.

चौकशी तिसऱ्या दिवशी झाली, साहेबांच्या केबिनमध्ये. भिंतीवरचा टीव्ही काळा होता. आम्ही आठ-दहा जण रांगेत उभे. मशीन तपासताना चिकटवलेली लाख सापडली होती. ती कुणी फोडली, एवढाच प्रश्न होता. पीए माझ्याकडं बघत नव्हते, मी त्यांच्याकडं बघत नव्हते. साहेब सरांना म्हणाले, नाव सांगा आणि विषय मिटवा.

"नाव माझ्या तोंडून येणार न्हाई साहेब," सर म्हणाले. "भोक सांगतो. चार वर्षं सांगून राहिलो. पोच हाय माझ्याकडं."

हे ऐकायला तिथं कुणी बसलेलं नव्हतं. साहेबांचा आवाज चढला. मी सांगणार होते. अगदी ओठावर आलं होतं. पण नोकरी कायम व्हायचा कागद त्याच टेबलावर होता, आणि मी जमिनीकडं बघत राहिले. महिन्याअखेर सरांचं कंत्राट संपलं ते पुन्हा झालं नाही. जाताना ते रक्तपेढीत आले. टकटक केली नाही. माझ्या टेबलावर लाखेची उरलेली कांडी आणि शर्टाचं एक बटण ठेवलं, जयभीम म्हणाले आणि गेले. ते बटण चार भोकांचं होतं. माझ्या ॲप्रनची बटणं दोन भोकांची असतात. मी खुर्चीत बसून रडले, पण उठून त्यांच्या मागं गेले नाही. खोटं कशाला बोलू.

कंपनीच्या माणसानं तेच जुनं सॉफ्टवेअर पुन्हा तशाच जुन्या विंडोजवर बसवलं. टीव्हीवरचा आकडा शून्यापासून सुरू झाला तेव्हा साहेबांनी जुना आकडा अंदाजे धरून त्यात मिळवायला सांगितला. उपास बंद झाला. मी कायम झाले आणि पुढं रक्तपेढीची इनचार्जही झाले.

परवा प्रशिक्षणासाठी नांदेडला गेले होते. सर विष्णुपुरीला राहतात हे कुणाकडून तरी कळलं होतं. कॉलेजची पोरं बिघडलेले लॅपटॉप आणतात, त्यांना ते दुरुस्त करून देतात. शोधत गेले. केस पांढरे झालेत, शर्ट तोच. मला बघून त्यांना नवल वाटलं नाही, चहा ठेवला. मी बसायच्या आधीच बोलून टाकलं की ती लाख मी काढली होती.

"माहीत हाय," ते म्हणाले. "लाखेला कधी नेलपॉलिशचा वास येतो का? त्याच दिवशी तार काढा म्हणून पुन्हा अर्ज दिला होता, शेरा तोच आला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्हाला काढलं असतं. सगळे म्हणले असते, रोग गेला. तार तशीच राहिली असती." चहा गाळता गाळता ते थांबले. "मी वाट पाहून राहिलो होतो, मॅडम. तुम्ही बोलल्या असत्या ना, की साहेबाच्या फोटोपायी, वीस मिनिटांच्या घाईत, नोकरीची धमकी ऐकून लाख फोडावी लागली, तर त्यांना ते ऐकावं लागलं असतं. माझं तर ते चार वर्षं ऐकत नव्हते."

मला वाटलं होतं की ते माफ करतील आणि मी हलकी होऊन परत जाईन. त्यांनी कपाटातून रजिस्टर काढलं. भोक क्रमांक एकची ओळ उघडली. 'कसं शिरलं' हा रकाना इतकी वर्षं कोरा ठेवला होता. पेन माझ्यापुढं केलं. मी लिहिलं की मी लाख फोडली, आणि पुढं माझं नाव. त्यांनी नाव खोडलं. म्हणाले, नाव नको, कसं ते लिहा. मग मी फोन, फोटो, पेनड्राइव्ह, एकुलता प्रिंटर, सगळं बारीक अक्षरात लिहून काढलं.

"पोरगी?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, दहावीला आहे, अजून विचारते कुणाचं हाय म्हणून.

"तिची माहिती त्याच मशीनमध्ये?"

मी हो म्हटलं.

"अन् तार?" त्यांचं बोट शेवटच्या रकान्यावर होतं, बुजवल्याची तारीख आणि सही.

तीन वर्षं मी इनचार्ज आहे. दर वर्षी तपासणीच्या फॉर्मात त्या तारेबद्दल एक प्रश्न असतो, आणि तीनही वर्षं मी त्यापुढं काय लिहिलं ते मला सरांना सांगता आलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. पेनाला टोपण लावलं आणि चहा पुढं सरकवला.

काल मी ड्युटीवर गेले, औशाच्या पोरीचं आणि इतर सगळ्यांचं जुनं कागदावर उतरवून घ्यायला हाताखालच्या दोघींना बसवलं आणि मशीनची तार काढली. त्या भोकात लाख ओतली. चार भोकांचं बटण माझ्या पर्समध्येच होतं. पंधरा मिनिटांत वरून फोन आला की साहेबांचा आकडा थांबलाय, आणि तासाभरात मेमो. तीन दिवसांत खुलासा करा. तीन दिवस कशाला पाहिजेत? मी लगेच बसले आणि लिहिला, शिबिराच्या दिवसापासून, पीएच्या तिसऱ्या फोनपासून, नेलपॉलिशसकट. पाच पानं झाली. नोकरी राहील का जाईल, मला माहीत नाही. भीती वाटते, हेही खरं.

आवक-जावकच्या खिडकीवरच्या क्लार्कनं पानं चाळली आणि माझ्याकडं बघितलं. "मॅडम, येवढं कशाला लिहिलाव?" तो म्हणाला. "मागीलप्रमाणे लिहून मोकळं व्हायचं. सगळे तसंच करतेत."

मी हात पुढं केला आणि म्हटलं, पोच द्या.